डावा गाल

फ्रेमवरचा फुग्यांचा कागद तिनं सावकाश सोडवला, त्याची घडी घातली, घडी पिशवीत ठेवली आणि मग विचारलं, "दादा, हिच्या गालावरचा डाग कोठी गेला जी?" आवाजात भांडण नव्हतं. काल दुकानात विसरलेल्या छत्रीची चौकशी करावी इतक्या साधेपणानं विचारलं होतं. सुगत पासपोर्ट फोटोंची पट्टी कापत होता. चौथ्या आणि पाचव्या फोटोच्या मध्ये कात्री थांबली. तुमसरच्या बाजारात त्याचं दुकान बावीस वर्षांचं, आणि बावीस वर्षांत गिऱ्हाइकांनी त्याला नाना तऱ्हेचं विचारलं होतं. माझं नाक खरंच एवढं आहे का, नवरदेवाचे डोळे उघडे असलेला एकही फोटो कसा नाही, बाबांच्या बाजूला गेलेल्या आईला आणून बसवता येते का. पण गेलेल्या डागाची चौकशी करायला आजवर कुणी आलं नव्हतं. लोक यायचे ते डाग घालवायला. त्यानं फ्रेमकडे पाहिलं. दोन महिन्यांची मुलगी, पांढरं झबलं, दाराकडून आलेला मऊ उजेड, टक्क उघडे डोळे आणि उजेडाकडे वळलेला डावा गाल, सायीसारखा एकसारखा. या वर्षातला त्याचा सगळ्यात चांगला फोटो होता तो. तिनं काचेवर, त्या गालाच्या बरोबर मधोमध बोट ठेवलं. "इथं," ती म्हणाली. "जन्मापासून आहे न."

तेव्हा त्याला कळलं. हो, होतं तिथं काहीतरी. काळं, चवन्नीएवढं. त्यानं स्वतःच्या हातानं, चहाचा कप शेजारी ठेवून, पाच मिनिटांत ते पुसलं होतं, कारण त्याला तो काजळाचा टिक्का वाटला होता. हे सगळं मनात उभं राहीपर्यंत तोंडानं त्याची वाट पाहिली नाही. "अरे हो," तोंड म्हणालं, "थे कॉम्प्युटरनं काढलं असन, ताई. आजकालचे सॉफ्टवेअर तसेच आहेत. चेहरा दिसला का आपोआप साफ करून टाकते."

"मले वाटलंच," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका मोकळा झाला की सुगतनं नजर कात्रीकडे वळवली. रुचिता तिचं नाव. करडीच्या इश्वर गुरुजींची सून, नवरा पुण्याला एका कंपनीत. बाळंतपणानंतर ती मुलीच्या नामकरणापुरती सासरी आली, पुन्हा माहेरी गेली, आणि परवा परतली तेव्हा फ्रेम भिंतीवर लागून महिना झाला होता. सासूनं, ताराबाईंनी, दुकानातून हौसेनं नेऊन लावली होती. "आई म्हणे, फोटोवाल्यानंच काढला असन, चांगलं केलं. मी म्हटलं, शक्यच नाही. दादा असं करणार नाही. नामकरणाच्या दिवशी तुमी पाह्यलं न, जो येईन तो पोरीले घेई अन पहिले डाव्या गालाकडे पाही. मंग मले विचारे, हे काय जी? डॉक्टर काय म्हणते? मोठी झाल्यावर जाईन का? अन मोबाईलवाले सगळे उजव्या बाजूनं. पोरीचं तोंड वळवू वळवू फोटो काढत. तुमी एकटे डाव्या बाजूनं बसले. एक शब्द नाही बोलले. मी त्याच दिवशी माह्या मायले फोनवर सांगतलं, एक त माणूस असा निंगाला का ज्याले काही वाटलं नाही." तिनं फ्रेम त्याच्याकडे सरकवली. "आई म्हणते, हाच राहू दे भिंतीवर. पण दादा, पोरगी मोठी होईन, आरशात पाहीन, मंग भिंतीकडे पाहीन. तवा काय म्हणन? माह्या मायले माहा गालच चालला नाही, असं म्हणन का नाही?"

सुगत म्हणाला, येत्या रविवारी मूळ फोटोची फ्रेम करून स्वतः घरी आणून देतो. ती "बरं जी" म्हणाली, चप्पल घातली, आणि पायरीवरून पुन्हा वळून म्हणाली, "तुमच्याबद्दल मले शंका नव्हतीच." यापेक्षा तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं.

ती गेल्यावर त्यानं उरलेली पट्टी कापली आणि पाचव्या फोटोतल्या मुलाचा कान अर्धा उडवला. बाहेर डिसेंबरची दुपार होती. धानाचे दिवस, मिला सगळ्या चालू, आणि बाजारभर कोंड्याची बारीक धूळ तरंगत होती. बाकीच्या गावांतले फोटोवाले उजेड मऊ करायला पांढऱ्या कापडाच्या पेट्या विकत आणतात. तुमसरला दिवाळीपासून शिमग्यापर्यंत राइस मिला तो फुकट मऊ करून देतात, असं सुगत लोकांना सांगायचा, आणि त्यात त्याला बढाई वाटायची नाही. त्याच्याकडेही तशी एक पेटी होती. ती माळ्यावर होती. लहान लेकरांसमोर फ्लॅश उडवणं त्याला कधी पटलं नाही. लेकरू दचकतं, मग रडतं, मग घरातले सगळे मिळून त्याला हसवायचा कारखाना काढतात. तो एक पांढरी चादर, थर्माकोलचा एक तुकडा आणि कॅमेरा घेऊन जायचा. घरात शिरला की चपला काढण्याआधी तो दारं-खिडक्या कुठं आहेत ते पाहायचा. लोक म्हणायचे, सुगतभाऊला उजेड दिसते. आपल्याला जो उजेड म्हणून फक्त लख्ख किंवा अंधुक कळतो, तो याला जाड-पातळ, कोवळा, निबर असा दिसतो. आणि नामकरणाच्या घरांमध्ये तर त्याचं निम्मं काम लोकच करून ठेवत. बौद्धांच्या कार्यात सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्रिशरण-पंचशील आटोपलं, खिरीची वाटी फिरली की तो चार बायांना हळूच म्हणायचा, मावशी, तुमी जरा इकडे उभ्या राहा, आत्याबाई, तुमी इकडे. बायांना वाटायचं आपण फोटोत येणार. येत नसत. त्यांच्या लुगड्यांवरून परतलेला उजेड तेवढा लेकराच्या सावलीकडच्या गालावर यायचा, आणि पाहणारे म्हणायचे, काय फोटो निंगाला बापा.

करडीलाही तसंच केलं होतं. घर पूर्वाभिमुख, बैठकीची भिंत निळी, तीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. निळी भिंत लेकरांना वाईट. ओठ थंडीनं गारठल्यासारखे दिसतात. म्हणून त्यानं रुचिताला भिंतीपासून चार हात पुढं, दाराच्या आत बसवलं होतं, मुलगी मांडीवर, ताराबाई उजव्या अंगाला पांढऱ्या लुगड्यात. दार डावीकडे होतं. उजेड डावीकडून होता म्हणून तो डावीकडे बसला. एवढंच. दार उजवीकडे असतं तर तो उजवीकडे बसला असता, आणि मग रुचितानं आईला फोनवर काय सांगितलं असतं?

कॉम्प्युटरवर त्या दिवसाचे फोटो अजून होते. एकशेबारा. त्यानं एकेक उघडला. डाग प्रत्येकात होता. मुलगी रडताना, जांभई देताना, आजोबांच्या मनगटावरचं घड्याळ धरताना, डाग आपल्या जागेवर, शांत. लपण्याचा त्यानं काहीही प्रयत्न केलेला नव्हता. तो पाच मिनिटांचा वेळ सुगतला आता लख्ख आठवत होता, आणि त्यातलं सगळ्यात लागणारं हे होतं की त्या वेळी त्याला स्वतःबद्दल बरं वाटत होतं. हिंदूंच्या घरचा फोटो असला की तो विचारायचा, टिक्का ठेवू की काढू, आणि ते बहुतेक ठेवायला सांगत. आपल्या लोकांच्या घरचा असला की विचारायचा नाही. हळूच काढून टाकायचा. कारण आपल्या घरांत टिक्का नसतो. म्हणजे नसायला पाहिजे. छप्पन साली जे सोडलं त्यात तो गेला, काळा दोरा गेला, लिंबू-मिरची गेली. पण कुठल्याही घरात एक आजी असते, नाहीतर मावशी असते, आणि बाहेर पुरुष माणसं भाषणं देत असताना ती आत चिमणीच्या काजळीवर बोट फिरवून घेते. तो टिक्का फोटोत आला आणि तसबिरींच्या शेजारी भिंतीवर लागला तर त्या बाईचं काही खरं नाही. इश्वर गुरुजी तर या बाबतीत तालुक्यात प्रसिद्ध. कुणाच्या तरी कार्यात त्यांनी लेकराच्या मनगटातला काळा दोरा सगळ्यांदेखत दातांनी तोडला होता, अशी गोष्ट सांगत. नाव इश्वर आणि काम हे, असं लोक चिडवत, आणि गुरुजी म्हणत, नाव बापानं ठेवलं, काम मी निवडलं. त्यांच्या नातीच्या गालावर ते काळं वर्तुळ पाहून सुगतला हसू आलं होतं. बाई, तुमची हिंमत मोठी, असं तो त्या न दिसणाऱ्या बाईला मनातल्या मनात म्हणाला होता, आणि तिचा टिक्का पुसून तिला वाचवलं होतं.

कारण एक बाई वाचली नव्हती. सुगत सहा महिन्यांचा असताना त्याची आई, सत्यभामा, त्याला बैलगाडीतून तुमसरला घेऊन आली होती आणि स्टुडिओत त्याचा एक फोटो काढून घेतला होता. गादीवर पालथा टाकलेला, मान वर, कपाळाच्या उजव्या कोपऱ्यात काजळाचा मोठ्ठा टिक्का. फोटो घरी आला तेव्हा बापानं तो दाराच्या उजेडात धरला. बापाचं नाव चिंधू. त्याच्या आधीची चार भावंडं वर्षाच्या आत गेली होती, म्हणून याचं नाव चिंधीवरून ठेवलं, की मरणाला सुद्धा उचलून न्यावंसं वाटू नये. मिलमध्ये पोती वाहणारा, उभ्या आयुष्यात कुणापुढं न वाकलेला हा माणूस त्या नावाला मात्र आतून चिडून असायचा. मुलाचं नाव त्यानं हट्टानं सुगत ठेवलं, भंतेजींना विचारून, आणि त्या सुगतच्या कपाळावर आता ही काळी भीती. त्यानं दाढीचं पातं काढलं, दारात उकिडवा बसला आणि फोटोतला टिक्का खरवडून काढला. कागदाचा पांढरा धागा दिसेपर्यंत. आईनं तो फोटो पेटीत ठेवला. सुगतनं पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो नववीत होता. कपाळाला भोक पडलेलं एक गुबगुबीत लेकरू. आईला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "तुहा बाप बरोबर होता, बापू. पण माह्या हातानं राहवत नव्हतं." फोटोवाला व्हायचं त्यानं तिथं ठरवलं असं काही नाही. बारावीत नापास झाला म्हणून तो फोटोवाला झाला. पण भय्याजी नावाच्या जुन्या फोटोवाल्याच्या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल चालवायला बसला, देवीचे व्रण, फोड, मस्से भरून काढायला शिकला, तेव्हा त्याचा हात पहिल्याच आठवड्यात इतका हलका पडला की भय्याजी म्हणाले, "अबे, तू हे आधी कोठी शिकला?" पातं न लावता पुसता येतं, कुणाला दुखत नाही, कुणाला कळतसुद्धा नाही, हे त्याला फार सुंदर वाटलं होतं. इतकी वर्षं वाटत आलं होतं.

आणि आता तो पडद्यावर तो गाल मोठा करून बसला होता. दोनशे टक्के, तीनशे टक्के. टिक्का असा नसतोच. बोटानं लावलेलं काजळ मध्ये दाट आणि कडेला पुसट असतं, घामानं एका बाजूला ओघळतं. हे शेकडो लेकरांच्या गालावर पाहिलेला माणूस तो. दिसायला पाहिजे होतं. पण त्या दिवशी त्यानं गालावरचा उजेड पाहिला होता, तो कुठून येतो, कुठं संपतो, झबल्याच्या लेसवर किती चढतो. गाल पाहिला नव्हता. त्याला लाज वाटली. डाग काढल्याची वाटली त्याहून जास्त न पाहिल्याची वाटली. जो येईल तो पहिल्यांदा डागाकडे पाहत होता त्या घरात, एकशेबारा वेळा डोळा लावून बसलेल्या माणसाला तो दिसला नाही, आणि नेमक्या त्याच माणसाला ती पोरगी मोठ्या मनाचा समजून बसली होती.

मूळ फोटोची प्रिंट गुरुवारी तयार झाली. ती काढताना त्याला वाटलं होतं, चला, झालं गेलं संपलं. पण प्रिंट पाहिली आणि तो पुन्हा अस्वस्थ झाला. फोटो पहिल्यापेक्षा चांगला होता. उजेड दारातून येऊन बरोबर त्या डागावर थांबला होता, जणू कुणीतरी जाणूनबुजून, शांतपणे, जगाला न जुमानता तो तिथं आणला होता. कोणीही पाहिलं असतं तर म्हणालं असतं, याला म्हणतात नजर. म्हणजे खोटं पुसून जे खरं छापलं तेही खोटंच बोलत होतं, आणि त्याच्याच बाजूनं.

शुक्रवारी सकाळी चहा घेताना त्यानं बायकोला सगळं सांगितलं. रत्नमाला अंगणवाडीत होती. रोज लेकरांना वजनाच्या काट्यात घालायची, त्यामुळे लेकरांच्या बाबतीत ती हळवी अजिबात नव्हती. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला आणि म्हणाली, "अजी, मंग फोटो बदलून द्या न. गोठ संपली."

"पण तिले वाटते का मी पाहून सवरून..."

"वाटू द्या. बाळंतीण बाई आहे, चार लोकांनी तिचं डोकं खाल्लं. एक माणूस बरा भेटला असं वाटलं तिले. तुमाले काय त्रास आहे?"

"थो माणूस मी नाही आहो."

"नसान. पण तुमच्या खरं सांगण्यानं तिले काय भेटन? तुमाले मोकळं वाटन, अन तिच्याजवळ होतं ते बी जाईन." तिनं कप उचलले. आत जाता जाता म्हणाली, "तिच्यासाठी सांगता का तुमच्यासाठी, हे पहिले ठरवा."

हे त्याला ठरवता आलं नाही. शनिवारभर तो दुकानात बसून ठरवत होता. रत्नमाला बरोबर होती, हे त्याला दिसत होतं. गप्प बसणं हीच खरी माणुसकी, ते त्याला येतही होतं. बावीस वर्षं तो लोकांचं काय काय गुपचूप पुसत आला होता. आणि तरी, पायरीवरून वळून "शंका नव्हतीच" म्हणणारा तो चेहरा आठवला की त्याला वाटायचं, हिला सुद्धा आपण पुसतो आहोत. ती ज्याच्यावर विसंबली आहे तो माणूस अस्तित्वातच नाही, आणि हे फक्त आपल्याला माहीत आहे. असं किती दिवस? मुलगी पाच वर्षांची होईल, शाळेच्या फोटोला ती तिला याच दुकानात आणेल, आणि म्हणेल, पाहा, हे ते दादा. त्या वेळी आपण कुठं पाहायचं?

रविवारी सकाळी तो मोटरसायकलवर निघाला. पाठीशी फ्रेम बांधलेली, पोटाशी कॅमेऱ्याची पिशवी. कॅमेरा कशाला घेतला हे त्याचं त्याला कळलं नव्हतं. हाताला सवय होती. शेतं कापून मोकळी झाली होती, बांध्यांमध्ये धानाच्या पेंढ्या रचलेल्या, तळ्यावर धुकं अजून बसलेलं, आणि उजेड असा होता की इतर कुठल्या दिवशी त्यानं गाडी थांबवली असती. आज त्यानं तो उजेड आहे तसा राहू दिला.

गुरुजी अंगणात खुर्चीवर पेपर वाचत होते. सत्तरीचे, ताठ, पांढऱ्या सदऱ्यात. त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली, चष्मा वर केला, खाली केला, आणि मग ती दोन्ही हातांनी उभी धरून म्हणाले, "शाब्बास. असा पाहिजे फोटो. आहे थे आहे. मले तो पहिला पाहूनच राग आला होता, पण पोराच्या मायनं टांगला, म्हटलं घरात भांडण कायले." त्यांनी सुगतकडे पाहिलं. "तू चिंधूभाऊचा पोरगा शोभतो बरं. तुहा बाप मिलच्या गेटवर आमाले शिकवे, डोळे उघडे ठेवून पाहाले शिका रे पोट्टेहो."

"तो साफवालाच बरा होता, बापा," ताराबाई दारातून म्हणाल्या. सुपात डाळ घेऊन उभ्या होत्या. "पोरीची जात हाय. उद्या पाहाले येतीन लोकं."

"लोकं येतीन तवा पोरीले पाहातीन का भिंतीले?" गुरुजी गरजले. ताराबाई पुटपुटत सुपाकडे वळल्या. त्यांना उलट उत्तर द्यायची सवय होती आणि गुरुजींना न ऐकायची, त्यामुळे दोघांचं बरं चाललं असावं.

रुचिता तोवर मुलीला घेऊन बाहेर आली होती. मुलीचं नाव उत्पला. नामकरणाच्या दिवशी पाळण्यात नुसती पडून होती, आता मान धरायला लागली होती. लोकरीचं टोपरं कानांवरून गालापर्यंत आलेलं. रुचितानं फ्रेम पाहिली आणि ती हसली, पण डोळे भरले होते. "मामाजी, मी म्हणत नव्हते का?" ती सासऱ्याला म्हणाली. "दादांनी मुद्दाम डावीकडून घेतला. त्यायले डाग बिग काही नाही." आणि गुरुजी मान हलवत होते, आणि वरून चिंधूभाऊ त्यात आला होता, आणि सुगतच्या हातात कुणीतरी चहाचा कप दिला होता, आणि सगळं इतकं चांगलं चाललं होतं की गप्प बसणं जगातली सगळ्यात सोपी गोष्ट होती. रत्नमालाचं वाक्य त्याला आठवलं. स्वतःसाठी की तिच्यासाठी. त्याला वाटलं, उत्तर सापडत नसलं तरी आता बोलावं लागेल.

"गुरुजी, मले डाग दिसलाच नव्हता," तो म्हणाला. कुणाला समजलं नाही. तो रुचिताकडे वळला. "ताई, कॉम्प्युटरनं नाही, मीच काढला तो. माह्या हातानं. मले थो काजळाचा टिक्का वाटला. वाटलं, घरातल्या कोण्या बाईनं लपून लावला असन, भिंतीवर दिसला त गुरुजी रागावतीन. म्हणून पुसला. डावीकडून बसलो कारण दार डावीकडे होतं. दुसरं काही नाही. मी पाह्यलंच नाही. अन त्या दिवशी दुकानात तुमच्याशी खोटं बोललो."

अंगणात ताराबाईंच्या सुपातली डाळ तेवढी दोनदा खाली-वर झाली. "आमच्या घरात टिक्का?" गुरुजी म्हणाले. राग यायला हवा होता, पण त्यांचा आवाज थकल्यासारखा आला. "माही हिंमत हाय का जी या बुढ्यापुढं?" ताराबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं, आणि ते कुणीच पुढं नेलं नाही म्हणून त्यांनी ते पदरात संपवलं. रुचिता त्याच्याकडे पाहत होती, आणि त्या नजरेतून काहीतरी निघून जात होतं. सुगतला ते जाताना दिसलं. इतक्या वर्षांत एवढं स्पष्ट त्याला काहीच दिसलं नसेल. मग ती उठली आणि मुलीला घेऊन आत गेली.

झालं, त्याला वाटलं. रत्नमालानं सांगितलं तसंच झालं. तिच्याजवळ एक होता, तोही आपण काढून घेतला, आणि आपल्यालाही मोकळं वाटत नाही. गुरुजी फ्रेमकडे पाहत होते. ताराबाई डाळीत खडे शोधत होत्या. त्यानं कप खाली ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि निघायला म्हणून उठला.

रुचिता बाहेर आली. मुलीचं टोपरं तिनं आत काढून ठेवलं होतं. ती अंगणात आली, त्याच्यासमोर चटईवर बसली आणि मुलीला अशी धरली की डावा गाल त्याच्याकडे. त्याचा हात आपसूक पिशवीच्या चेनकडे गेला.

"मशीन राहू द्या जी," ती म्हणाली. "मंग आता पाहा."

तो खाली बसला. दार कुठं आहे, ऊन कुठून येतं, हे त्यानं पाहिलं नाही. डाग चवन्नीएवढा नव्हताच. तो गोलसुद्धा नव्हता. गालाच्या उंचवट्यावर तो रुंद होता आणि कानाकडे जाता जाता निमुळता होत संपत होता. रंग काळा नव्हता, शेतातल्या ओल्या मातीचा होता, आणि त्यावर बारीक मऊ लव होती, बाकीच्या गालावर नव्हती अशी. कानाजवळ एक छोटा ठिपका सुटा पडला होता. मुलीनं तोंडात मूठ घातली तसा गाल फुगला आणि डागही तिच्याबरोबर फुगला, तिचाच होता म्हणून. सुगत पाहत राहिला. ताराबाईंचं सूप थांबलं होतं.

"पाह्यलं का जी?" बऱ्याच वेळानं रुचितानं विचारलं.

"पाहून राहिलो," तो म्हणाला.

तिनं घाई केली नाही. एका मांडीला रग लागली म्हणून दुसरी वर घेतली, आणि मुलीला तशीच, त्याच्याकडे वळवून, धरून बसली.